मुंबई ते दिल्ली किती लांब? अंतर, वेळ आणि माझा फसलेला कॉलम



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षीच्या प्रगती-सादरीकरणात मला एका परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला आणि माझी बोलती बंद झाली. विषय होता भारतातल्या शहरांच्या जोड्या आणि त्या शहरांतल्या संशोधकांनी मिळून लिहिलेले पेपर. जवळच्या शहरांतले लोक जास्त वेळा एकत्र काम करतात का, हे मला बघायचं होतं. माझ्या तक्त्यात दोन कॉलम होते. एक 'विमान अंतर', दुसरा 'विमान प्रवासाचा वेळ'. परीक्षक म्हणाले, "हा वेळ तुम्ही मोजलाय की बनवलाय?"

बनवला होता. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं, त्यात चढ-उताराची म्हणून ४५ मिनिटं मिळवायची, झाला वेळ. इंटरनेटवरची बरीच 'दोन शहरांतलं अंतर' सांगणारी पानं असंच काहीतरी करतात, म्हणून मलाही त्यात वावगं वाटलं नाही. पण मग त्या दुसऱ्या कॉलममध्ये पहिल्यापेक्षा नवीन असं काय होतं? काहीच नाही. एकाच माहितीला दोन नावं दिली होती मी. रिग्रेशन चालवताना सॉफ्टवेअरने त्यातला एक कॉलम गुपचूप गाळला होता, तसा संदेशही दाखवला होता. मी तो वाचलाच नव्हता.

तेव्हापासून अंतर आणि वेळ या दोन साध्या शब्दांकडे मी जरा संशयानेच बघायला शिकले. तुम्ही संशोधनाला सुरुवात करत असाल तर आज ना उद्या असा एखादा 'साधा' कॉलम तुमच्याही वाट्याला येईल. म्हणून मुंबई–दिल्ली हे आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊन, हे आकडे येतात कुठून ते नीट पाहू.

आधी ठरवा: कुठून कुठे?

'मुंबई ते गोवा' म्हटलं की अंतर एकच असेल असं वाटतं. पण गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी दक्षिणेकडे, आणि जानेवारी २०२३ पासून उड्डाणं सुरू झालेलं मोपा उत्तरेकडे. मुंबईपासून दाबोळी सरळ रेषेत साधारण ४२५ किमी आणि मोपा साधारण ३८७ किमी. म्हणजे दोन आकड्यांत ३८ किमीचा फरक. दोन्ही बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. शहराचं केंद्र धरलं तर तिसराच आकडा येईल. विमानाने जाणारा माणूस शहराच्या मध्यावर उतरत नाही, आणि सहसा विमानतळावर राहतही नाही.

म्हणून पहिला नियम असा: तक्त्यात शहराचं नाव आणि विमानतळाचं नाव हे वेगवेगळे कॉलम ठेवा.

अक्षांश-रेखांशातला सापळा

मुंबई विमानतळ साधारण १९ अंश ५ मिनिटं १९ सेकंद उत्तर आणि ७२ अंश ५२ मिनिटं ५ सेकंद पूर्व इथे आहे. दिल्लीचा २८ अंश ३४ मिनिटं ७ सेकंद उत्तर आणि ७७ अंश ६ मिनिटं ४४ सेकंद पूर्व.

गणितासाठी हे दशांशात लागतं. इथे भलेभले घसरतात. २८ अंश ३४ मिनिटं ७ सेकंद म्हणजे २८.३४०७ नव्हे! एका अंशात ६० मिनिटं असतात, त्यामुळे ३४ मिनिटं म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. बरोबर आकडा २८.५६८६. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किमी, तेव्हा या एका चुकीने तुमची दिल्ली २५ किमी दक्षिणेला सरकते. आकडा 'दिसायला' अगदी ठीक दिसतो, म्हणूनच ही चूक सापडत नाही.

गोलावरची सरळ रेष

शाळेतला पृथ्वीगोल आठवा. त्यावर दोन ठिकाणांवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या वाटेने जातो, ती त्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट. तिला बृहत् वृत्त म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द ग्रेट सर्कल. विमान अंतर म्हणून जो आकडा बहुतेक ठिकाणी छापलेला असतो तो याच दोऱ्याच्या लांबीचा.

तो काढायची प्रचलित रीत म्हणजे हॅव्हरसाइन सूत्र. नाव भारदस्त आहे, पण पायऱ्या चारच:

१. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक घ्या: ९.४८ अंश. रेखांशांतला फरक घ्या: ४.२४ अंश. दोन्ही रेडियनमध्ये बदला: ०.१६५५ आणि ०.०७४१. (स्प्रेडशीटला अंश कळत नाहीत, रेडियन कळतात. इथे विसरलात तर उत्तर भलतंच येईल, आणि ते बरं, कारण निदान लक्षात तरी येईल.)

२. अक्षांश-फरकाच्या निम्म्याचा साइन काढून त्याचा वर्ग करा: ०.००६८३.

३. रेखांश-फरकाच्या निम्म्याचा साइन काढून वर्ग करा: ०.००१३७. त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा, म्हणजे ०.९४५ आणि ०.८७८ ने. आले ०.००११४.

४. दोन्हींची बेरीज ०.००७९७. तिचं वर्गमूळ काढा, त्याचा व्यस्त साइन घ्या, दुप्पट करा: साधारण ०.१७८७. याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६३७१ किमीने गुणा.

सगळे दशांश ठेवले तर उत्तर येतं साधारण ११३९ किमी. तिसऱ्या पायरीत कोसाइन का? कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किमीचा असतो, दिल्लीच्या अक्षांशावर तो साधारण ९८ किमीच उरतो. हे विसरून नकाशा सपाट समजून पायथागोरस लावला तर ११५५ किमी येतं. १६ किमी जास्त. जोडी जितकी उत्तरेला आणि जितकी पूर्व-पश्चिम, तितकी ही चूक वाढते.

आता दोन बारीक शंका, कारण कोणीतरी विचारतंच.

पृथ्वी नेमकी गोल नाही, मग? खरं आहे. विषुववृत्ताकडे त्रिज्या सुमारे ६३७८ किमी आणि ध्रुवाकडे सुमारे ६३५७ किमी आहे. हा चपटेपणा धरून हिशेब केला तर मुंबई–दिल्ली अंतर तीन-चार किलोमीटरनेच कमी भरतं. म्हणूनच दोन पानांवर ११३६ आणि ११३९ असे आकडे दिसले तर घाबरू नका. कोणी गोल धरलाय, कोणी चपटा गोल.

आणि विमान तर ११ किमी उंचीवरून जातं, त्याने अंतर वाढत नाही का? वाढतं, पण किती? पूर्ण वाट त्या उंचीवर धरली तरी ११ भागिले ६३७१ एवढ्याच प्रमाणात, म्हणजे या जोडीसाठी सुमारे २ किमी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. स्वतः करून बघा.

शेवटी एकक. ११३९ किमी म्हणजे ७०८ मैल आणि ६१५ सागरी मैल. विमानवाहतुकीत सागरी मैल चालतो (१.८५२ किमी), अमेरिकेच्या डेटात साधा मैल (१.६०९ किमी). कॉलमच्या नावात एकक लिहिलेलं नसेल तर पुढे जाऊ नका.

पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही

मुंबईत मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमानं बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे समुद्राच्या दिशेने झेपावतात. दिल्ली मात्र उत्तरेला. म्हणजे दिल्लीला जाणारं विमान आधी अरबी समुद्रावर जातं, मग वळतं. पुढे ठरलेले हवाई मार्ग, लष्करासाठी राखलेले टापू, ढगांचे डोंगर चुकवणं, आणि दिल्लीजवळ रांगेत नंबर लागेपर्यंत घातलेले वळसे. प्रत्यक्ष उडालेलं अंतर दोऱ्यापेक्षा नेहमी जास्तच असतं, आणि दर उड्डाणाला वेगळं असतं.

मग जे लोक अंतरावरून इंधन किंवा कार्बन मोजतात ते काय करतात? ते एक ठरावीक भर घालतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या कार्बन-गणकात ५५० किमीपेक्षा कमी अंतराला ५० किमी, ५५० ते ५५०० किमीला १०० किमी आणि त्यापुढे १२५ किमी मिळवतात. युरोपीय संघाच्या उत्सर्जन-व्यापार योजनेत सरसकट ९५ किमी मिळवतात.

म्हणजे आपली मुंबई–दिल्ली एका हिशेबात १२३९ किमी आणि दुसऱ्यात १२३४ किमी. दोऱ्याने ११३९. यातला 'खरा' कुठला? हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक आकड्यामागे एक व्याख्या आहे, आणि ती व्याख्या कुठल्या तरी कामासाठी बनलेली आहे. मुंबई–गोव्यासारख्या छोट्या जोडीत मात्र ५० घ्यायचे की ९५, याने आकडा दहा टक्क्यांच्या वर हलतो, हे ध्यानात ठेवा. लांबच्या जोडीत जो फरक किरकोळ वाटतो, तोच जवळच्या जोडीत मोठा असतो.

वेळ: चार ठोके

आता वेळेकडे येऊ. एका उड्डाणात घड्याळाचे चार ठोके महत्त्वाचे असतात. विमान उभ्या जागेवरून हललं तो पहिला. चाकं जमिनीवरून उचलली तो दुसरा. चाकं परत टेकली तो तिसरा. उभ्या जागी येऊन थांबलं तो चौथा. दुसरा ते तिसरा म्हणजे हवेतला वेळ. पहिला ते चौथा म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर छापलेला असतो तो नियोजित ब्लॉक टाइम. आणि प्रवाशाचा खरा वेळ तर घराच्या दारापासून सुरू होतो, तो कुठल्याच तक्त्यात नसतो.

हे किती गोंधळाचं होऊ शकतं ते बघायला एक प्रसिद्ध सरावाचा डेटा घेऊ. आर भाषा शिकणाऱ्यांना 'एनवायसीफ्लाइट्स१३' ठाऊक असेल: २०१३ मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या तीन विमानतळांवरून सुटलेली ३,३६,७७६ उड्डाणं. त्यातली पहिलीच ओळ आहे १ जानेवारीच्या नेवार्क–ह्यूस्टन उड्डाणाची. सुटण्याची वेळ ५१७, पोचण्याची ८३०, हवेतला वेळ २२७, अंतर १४००.

नवशिका काय करतो? ८३० वजा ५१७, उत्तर ३१३. चूक! हे मिनिटांचे आकडे नाहीत, ५ वाजून १७ मिनिटं आणि ८ वाजून ३० मिनिटं आहेत. घड्याळाचा फरक ३ तास १३ मिनिटं, म्हणजे १९३ मिनिटं.

पण थांबा. विमान हवेतच २२७ मिनिटं होतं, मग एकूण प्रवास १९३ मिनिटांचा कसा? कारण ह्यूस्टनचं घड्याळ न्यूयॉर्कपेक्षा एक तास मागे आहे आणि दोन्ही वेळा स्थानिक आहेत. ६० मिनिटं मिळवा: २५३. आता हिशेब जुळतो. २५३ मधून २२७ गेले, उरली २६ मिनिटं. ती विमान जमिनीवर टॅक्सी करत होतं.

एकाच ओळीत तीन सापळे! भारतातल्या भारतात आपल्याला वेळेच्या पट्ट्यांचा त्रास नाही, पण मुंबई–लंडन घेतलंत की हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास फरक असतो. एकाच वेळापत्रकात वर्षभराची उड्डाणं असतील तर ऋतूप्रमाणे एक तासाची चूक शिरते, आणि मग 'उन्हाळ्यात विमानं हळू उडतात' असा शोध लागतो.

वेगाचंही तसंच. त्या ओळीत १४०० मैल हवेतल्या वेळेने भागले तर ताशी ३७० मैल, एकूण वेळेने भागले तर ३३२ मैल. दोन्हींना लोक 'सरासरी वेग' म्हणतात.

ती ४२ मिनिटं

मुंबई–दिल्लीचा नियोजित वेळ साधारण २ तास १० मिनिटं धरू. ११३९ किमीला १३० मिनिटं, म्हणजे ताशी ५२६ किमी. विमान तर वर ताशी ८००-८५० ने जातं! त्या वेगाने दीड तासही लागायला नको. बाकीचा वेळ गेला कुठे?

टॅक्सी करण्यात, धावपट्टीसाठी रांगेत, हळू हळू चढण्यात आणि उतरण्यात (१०,००० फुटांखाली सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते), आणि वेळापत्रकात मुद्दाम ठेवलेल्या शिलकीत. ही शिलक महत्त्वाची आहे. विमान 'वेळेवर' आलं हे नियोजित वेळेशी ताडून ठरतं, त्यामुळे नियोजनच सैल ठेवलं की वक्तशीरपणा वाढतो आणि प्रवास मात्र तेवढाच राहतो. नियोजित वेळ हा निसर्गाचा आकडा नाही, तो कुणीतरी घेतलेला निर्णय आहे.

आता मुंबई–दाबोळी घ्या: ४२५ किमी, साधारण ७५ मिनिटं. दोन जोड्यांवरून एक रेष काढू. ७१४ किमी जास्त, ५५ मिनिटं जास्त. म्हणजे वाढीव अंतरासाठी वेग ताशी सुमारे ७८० किमी. आणि अंतर शून्य धरलं तर? तरीही सुमारे ४२ मिनिटं उरतात. हा झाला स्थिर खर्च. तुम्ही कितीही जवळ जा, तो द्यावाच लागतो. म्हणूनच जवळच्या शहरांसाठी किलोमीटर मोजून वेळेचा अंदाज करणं फसतं.

इथेच एक सूचना. दोन बिंदूंतून काढलेली रेष नेहमीच तंतोतंत बसते. ती समजावण्यापुरती ठीक आहे, पुरावा म्हणून नाही. आणि माझं सूत्रही याच रेषेसारखं होतं, ८०० आणि ४५ वालं. सूत्र साधारण बरोबर होतं हेच तर दुर्दैव! अंदाज म्हणून चांगलं, पण नवी माहिती म्हणून शून्य.

लांबचा रस्ता, कमी वेळ

अंतर आणि वेळ खरोखरच वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पटलं ते दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोच्या उदाहरणाने. पृथ्वीगोलावर दोरा ताणलात तर तो दिल्लीहून सैबेरियावरून थेट ७५ अंश उत्तरेच्या पलीकडे जाऊन अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. लांबी साधारण १२,४०० किमी. त्या वाटेवर सुरुवातीलाच तिबेटचं पठार लागतं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट ३,००० मीटरच्या आसपास उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच साडेचार हजार मीटरवर असते. म्हणून सोयीचा दोरा हा सोयीचा मार्ग नसतो.

एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जायचं: सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं: सुमारे १५,३०० किमी, वेळ साधारण साडेचौदा तास. म्हणजे १,४०० किमी जास्त अंतर, आणि तरी पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास कमी!

भागाकार करून बघा. १५,३०० भागिले १४.५ म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किमी. बोइंग ७७७ हवेच्या मानाने ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्याने दिले. मध्य अक्षांशांत १० किमीच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. पूर्वेकडे जाताना ते पाठीवर घेतात, पश्चिमेकडे जाताना तोंडावर येतात.

"पृथ्वी फिरते म्हणून असं होतं ना?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. थेट तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. नाहीतर हवेत नुसतं उडी मारून आपण शेकडो मीटर पश्चिमेला पडलो असतो. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो ते वारे वळवण्यात.

मग जाता-येताना वाऱ्याचा हिशेब फिटतो का? नाही. समजा अंतर ६,००० किमी, विमानाचा वेग ९०० आणि वारा १००. जाताना ६ तास, येताना साडेसात तास, एकूण साडेतेरा. वारा नसता तर १३ तास २० मिनिटं लागली असती. कारण तोंडावरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ घालवतो. १,००० आणि ८०० ची सरासरी ९०० असली तरी पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ८८९ च भरतो. वेगांची साधी सरासरी काढू नये, एकूण अंतराला एकूण वेळेने भागावं, हा धडा इथून घ्या.

मग संशोधनात कुठला घ्यायचा?

तुमचा प्रश्न काय आहे त्यावर. दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवते.

झेव्हियर जिरू यांनी २०१३ च्या पेपरमध्ये विचारलं: कंपनीच्या मुख्यालयापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास सोपा झाला तर कारखान्यात गुंतवणूक वाढते का? अंतर तर बदलत नाही. म्हणून त्यांनी नव्या विमानमार्गांनी कमी झालेला प्रवासाचा वेळ पाहिला. अशा कारखान्यांत गुंतवणूक ८ ते ९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. इथे अंतराचा कॉलम निरुपयोगी होता, कारण तो जागचा हलतच नाही.

उलट फिलिपे कांपांते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी २०१८ मध्ये अंतरच घेतलं, आणि मुद्दाम घेतलं. सुमारे १२ तासांहून लांब उड्डाणाला जास्त कर्मचारी लागतात, खर्च एकदम वाढतो. ही सीमा ६,००० मैलांच्या आसपास पडते. त्यामुळे ६,००० मैलांच्या किंचित आत असलेल्या शहरांच्या जोड्यांना थेट विमान मिळण्याची शक्यता किंचित बाहेरच्यांपेक्षा जास्त. ५,९०० आणि ६,१०० मैलांत तसा फारसा फरक नाही, म्हणूनच तुलना न्याय्य होते. नियोजित वेळ घेतला असता तर त्यात विमान कंपन्यांचे निर्णय मिसळले असते. अंतर कुणाच्या निर्णयाने बदलत नाही, हीच इथे त्याची ताकद.

आणि कधी कधी बाहेरची घटना दोघांची ताटातूट करते. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून जुलै २०१९ च्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. दिल्ली–लंडन दोरा तसूभरही हलला नाही, प्रवासाचा वेळ मात्र वाढला. संशोधक अशा घटना शोधत असतात. वेळ बदलला, बाकी सगळं तेच राहिलं, मग परिणाम कशाचा हे सांगणं सोपं जातं.

माझ्या कॉलमचं काय झालं? तो पुसला. प्रत्येक जोडीसाठी वेळापत्रकातून खरा नियोजित वेळ गोळा केला, थेट विमान नसेल तिथे मधल्या थांब्यासकट. चार महिने गेले त्यात. पण आता तक्त्यात अशा जोड्या आहेत ज्या दोऱ्याने जवळ आणि वेळेने लांब, आणि उलट अशाही. माझा मूळ प्रश्न खरं तर तिथेच होता. लोक एकत्र काम करतात ते किलोमीटर बघून की 'सकाळी जाऊन रात्री परत येता येतं का' हे बघून? जुन्या तक्त्यात या प्रश्नाचं उत्तर मिळणं शक्यच नव्हतं, कितीही भारी मॉडेल लावलं असतं तरी.

कॉलम वापरण्याआधी विचारायचे प्रश्न

- कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत? शहर की विमानतळ, उभी जागा की धावपट्टी?
- एकक कुठलं? किमी, मैल, सागरी मैल? मिनिटं की तास-मिनिटं चिकटवून?
- वेळ स्थानिक आहे का? उन्हाळी-हिवाळी बदल धरलाय का?
- मोजलेला, नियोजित, की सूत्राने बनवलेला?
- या कॉलममधली माहिती दुसऱ्या कॉलममध्ये आधीच आहे का?
- हा आकडा कुणाच्या निर्णयाने बदलू शकतो का?

शेवटचे दोन प्रश्न अंतर-वेळेपुरते नाहीत. उत्पन्न असो, गुण असोत, पाऊस असो, सगळीकडे विचारा.

आणि हो, सॉफ्टवेअरने दाखवलेला संदेश वाचत जा. माझ्या त्या चार महिन्यांची बातमी त्याने मला फुकटात दिली होती.

गृहपाठ: तुमच्या गावाजवळचा विमानतळ आणि तुम्हाला जायचं आहे ते विद्यापीठाचं शहर घ्या. दोऱ्याचं अंतर हाताने काढा, वेळापत्रकातला वेळ शोधा, आणि दोन्हींतून वेग काढा. ताशी ५०० च्या खाली आला तर दचकू नका, वेळ कुठे गेला ते शोधा. अडलंत तर विचारा, जमेल तसं उत्तर देईनच.